डाव्या हातातला क्लच

ज्या पोराने माझ्या हातावर कोयता मारला, त्याचे पुढचे दोन दात मी पाडले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण एवढं ऐकलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. त्यांना वाटतं, आता ही बाई म्हणेल, जाऊ दे, पोरं लहान होती. पोरं लहानच होती. कोयता मात्र चांगला हातभर होता, आणि तो माझ्या मनगटात आला तेव्हा त्याच्यामागचं वय काही मला जाणवलं नाही.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते, नवरा कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुण्यात गाडी म्हणजे दुचाकी, आणि आमच्या घरातली गाडी माझी. क्रूझर. बुटकी, लांब, वजनाला म्हशीसारखी. पाय पुढे टाकून ऐसपैस बसायचं आणि दिवसभर चालवत राहायचं, पाठ कुरकुर करत नाही. अठरा वर्षं मी ती चालवली आणि अठरा वर्षं नवरा मागे बसला. त्याला गाडी येत नाही. लहानपणी एकदा पडला, तेव्हापासून त्याने हँडलला हात लावलेला नाही, आणि त्याचं त्याला काहीही वाटत नाही. लोकांना वाटतं. सिग्नलला शेजारचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग मागे त्याच्याकडे बघतो, आणि नवरा त्याला हसून नमस्कार करतो. असं आम्ही कोकण केलं, हंपी केलं, एकदा पार कन्याकुमारीला जाऊन आलो.

त्या दिवशी गुहागरला निघायचं होतं. पहाटेची वेळ, नुकतं फटफटत होतं. सोसायटीच्या आत जागा नसल्याने माझी गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला, इतर गाड्यांच्या रांगेत उभी असायची. नवरा वर बॅगा बांधत होता आणि मी खाली फडक्याने टाकी पुसत होते. उजव्या हातात पट्ट्याला धरलेलं हेल्मेट लोंबत होतं.

आमच्या भागात गेल्या काही वर्षांत ही तऱ्हा निघाली आहे. भांडण कुणाशी तरी असतं, किंवा नसतंही, नुसतं भाई व्हायचं असतं. मग तीन-चार पोरं कोयते घेऊन गल्लीत शिरतात आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्या फोडत जातात. पेपरात वाचलं होतं, शेजारच्या गल्लीत झालेलंही बघून आले होते. त्या पहाटे स्कूटरवर ट्रिपल सीट तिघं आले. उतरले. पहिल्या मोटारीची काच फुटल्याचा आवाज आला, मग रिक्षाचं टप फाटलं, मग आणखी एक काच. वरून कुणीतरी खिडकी उघडली आणि लगेच लावून घेतली. गेट माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी सहज आत जाऊ शकले असते.

मी गेले नाही. एक पोरगा माझ्या गाडीशी आला, मला "ए, सरक" म्हणाला आणि त्याने सीटवर कोयता घातला. आतला फोम भसकन बाहेर आला. दुसरा घाव हेडलाइटवर. तिसरा टाकीवर बसणार होता, तेवढ्यात माझा डावा हात आडवा गेला. मी ठरवून घातला, असं म्हणता येणार नाही. तो गेला. मनगटाच्या आतल्या बाजूला गार काहीतरी लागलं आणि बोटं माझी राहिली नाहीत. त्या पोराचे डोळे मोठे झाले. एवढ्या जवळून माणूस कापलेला त्यानेही पहिल्यांदाच पाहिला असावा. मी उजव्या हातातलं हेल्मेट फिरवून त्याच्या तोंडावर हाणलं. हाड लागल्याचा आवाज आला. तो खाली बसला, तेव्हा पुन्हा हाणलं. बाकीच्या दोघांनी त्याला ओढत स्कूटरवर टाकलं. मी रक्त सांडत त्यांच्यामागे चौकापर्यंत पळाले आणि हेल्मेट फेकून मारलं, ते लागलं नाही. नवरा बॅगा घेऊन खाली आला तेव्हा मी भर चौकात उभी राहून, त्याने जन्मात माझ्या तोंडून न ऐकलेल्या शिव्या देत होते.

हाताच्या आत बोटं वाकवणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, त्यातल्या तीन तुटल्या होत्या. डॉक्टरांनी त्या जोडल्या. मूठ वळेल, म्हणाले, पण पूर्वीसारखी आवळली जाईल याची खात्री देत नाही. पोरं चार दिवसांत सापडली. चौकीतल्या साहेबांनी जबाब घेतला आणि शेवटी काळजीने विचारलं, "गाडीचा इन्शुरन्स होता ना बाई? मग मध्ये कशाला पडलात?" ज्याचे दात गेले त्याची आई एकदा घरी आली. पोराला नीट जेवता येत नाही म्हणून रडायला लागली. मी डावा हात पुढे केला, मला वेणी घालता येत नाही म्हटलं, आणि दार लावून घेतलं. नवऱ्याला ते आवडलं नाही. त्याने खिडकीतून ती बाई गेटबाहेर जाईपर्यंत बघितलं.

मला एकच गोष्ट हवी होती. मला पुन्हा गाडी चालवायची होती, लांब, पूर्वीसारखी. आणि क्लच असतो डाव्या हातात. ज्यांनी कधी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते: गिअर टाकताना, थांबताना, गर्दीतून मुंगीच्या पावलांनी जाताना तो दांडा दर वेळी मुठीत आवळावा लागतो. पुण्यातल्या पुण्यात कामाला जाऊन यायचं तरी शेकडो वेळा. अर्ध्यात मूठ सुटली तर गाडी उसळते आणि समोर जे असेल त्यावर जाऊन आदळते.

माझ्या जुन्या गाडीचा क्लच मुळातच कडक. हाताचं प्लास्टर निघाल्यावर गॅरेजमध्ये गेले, तिच्यावर बसले आणि तो दांडा ओढला. अर्ध्यापर्यंत आला आणि बोटं थरथरायला लागली. पाण्याने भरलेली बादली दोन बोटांनी उचलावी तसं वाटलं. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. मेकॅनिकने सांगितलं की तशी सीट आता कुठे मिळत नाही, हेडलाइटही जुन्या बाजारात शोधावा लागेल, आणि शोधला तरी ताई, हा क्लच तुम्हाला झेपायचा नाही. मी तिथला एक पाना उचलून भिंतीवर फेकला. तो शांतपणे उचलून आणून जागेवर ठेवत म्हणाला, "नवीन घ्या."

मग सगळ्यांनी मला स्कूटर घ्यायला सांगायला सुरुवात केली. बहिणीने सांगितलं, कारखान्यात सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात अडवून सांगितलं. स्कूटरला क्लच नसतो, हे जणू मला माहीतच नव्हतं. ज्याने कुणी स्कूटर म्हटलं, त्या प्रत्येकाच्या कानाखाली द्यावी असं मला मनापासून वाटायचं. नवरा काही बोलत नसे. त्याचं न बोलणं मला तेव्हा पाठिंबा वाटायचा.

हाताला खरी ताकद दिली ती माझ्या सासूने. नवऱ्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या धायरीला राहतात. धायरी खेडं होती तेव्हा त्यांची तिथे शेती होती. आता शेतावर इमारत आहे आणि इमारतीत त्यांचा तळमजल्याचा फ्लॅट. मागच्या बोळात त्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत, त्यावरून सोसायटीशी रोजची भांडणं, आणि त्या एकाही भांडणात हरलेल्या नाहीत. डॉक्टरांनी मला दाबायला एक पिवळा चेंडू दिला होता. आत्यांनी तो नातवंडाला खेळायला देऊन टाकला आणि माझ्यासमोर ज्वारीच्या पिठाची परात ठेवली. रोज डाव्या हाताने मळायचं. मग भिजलेल्या चादरी पिळायच्या. दुखून डोळ्यांत पाणी यायचं आणि आत्या म्हणायच्या, "रड की. मळता मळता रड."

नवी गाडी घ्यायची, हे त्यांनी लगेच मान्य केलं. त्यांची एकच अट होती. त्यांच्या घरात आलेल्या प्रत्येक गाडीवरून कोंबडं उतरून कापलेलं होतं. ट्रॅक्टर, टेम्पो, दिराची मोटार, सगळ्यांच्या चाकाला पहिल्या दिवशी रक्त लागलं होतं. फक्त माझी क्रूझर राहिली होती. मी पेठेतल्या शाकाहारी घरातून आलेली सून. मी तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवीन, नारळ फोडीन, पण जीव मारू देणार नाही, असं तोंडावर सांगितलं होतं. अठरा वर्षं आत्या त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. आता बोलल्या.

"तवा तिला दिलं न्हाय," त्या माझ्या मनगटाकडे बघत म्हणाल्या, "म्हणून तिनं तुझं घेतलं."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी त्या दिवशी मी परातीत इतक्या जोराने मुठी हाणल्या की पीठ फरशीवर सांडलं.

गाडी बघायला सुरुवात झाली. पहिल्या शोरूममधला मुलगा सगळी माहिती नवऱ्याला सांगत होता. सर, मायलेज. सर, टॉर्क. नवऱ्याने दोनदा माझ्याकडे बोट दाखवलं, तरी सरच. मी क्लच ओढून बघितला. ओढता येत होता, पण मागची सीट पाटाएवढी होती, नवऱ्याचं अर्धं अंग हवेत राहिलं असतं. मग त्या मुलाने शेवटी माझ्याकडे वळून मॅडमसाठी गुलाबी रंगात स्कूटर आहे म्हटलं. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या ठिकाणी नुसता चकचकाट होता, आरशात बघून भांग पाडावा अशी टाकी. दांडा मात्र जुन्या गाडीपेक्षा कडक. मी गाडीवर बसायचे, डोळे मिटायचे आणि दांडा आवळून धरायचे. कुठलं बोट आधी थकतं ते बघायचं. करंगळीच्या शेजारचं बोट आधी जायचं, नेहमी तेच. रंग, चाकं, आवाज, हे सगळं बघायचे दिवस गेले होते. मी गाडी त्या एका बोटाने निवडत होते.

तिसऱ्या ठिकाणची गाडी दिसायला साधी होती. राखी रंग, मागचा दिवा तर कुणी घाईघाईत चिकटवल्यासारखा. पण बूड टेकलं आणि दोन्ही पाय जमिनीला पुरले, मागे नवरा हातपाय पसरून बसला, आणि दांडा ओढला तर तो आला. पूर्ण आला. मी धरून ठेवला. बोट थकलं, पण सुटलं नाही. नव्या गाड्यांच्या क्लचला आत काहीतरी मदतीची सोय असते म्हणे. ती तिथल्या मुलाने समजावून सांगितली, मी ऐकली नाही. मी दांडा सोडून पुन्हा आवळून बघत होते.

चालवून बघायला इमारतीभोवती एक चक्कर मारा, म्हणाले. मी म्हटलं, इमारतीभोवती चक्कर मारायला मी गाडी घेत नाही. स्वारगेटला नेते. नवरा मागे बसला, शोरूमचा माणूस स्वतःच्या गाडीवर मागून आला, आणि भर दुपारी आम्ही स्वारगेटच्या चौकात जाऊन अडकलो.

एसट्या आडव्या, रिक्षा तिरक्या, पुलाखाली सगळं ठप्प. दोन फूट पुढे, थांब. एक फूट पुढे, थांब. दर वेळी क्लच. वरून ऊन, मागून हॉर्न, आणि मनगटातली ती शिवण आतून कुणीतरी उसवतंय असं वाटायला लागलं. नवऱ्याला सांगावं असं क्षणभर वाटलं. सांगितलं नाही. पुढची रिक्षा हलली, मी हलले, रिक्षा थांबली, मी दांडा ओढला आणि करंगळीच्या शेजारचं बोट गेलं. गाडी उसळली. पुढचं चाक धाडकन रिक्षाच्या मागच्या पत्र्यावर बसलं.

रिक्षावाला उतरला. पत्र्याला नखाएवढा पोचा होता. तो आधी गाडीला बोलला, मग बायकांनी असल्या गाड्या चालवण्याबद्दल बोलला. मीही दिलं ठेवून, माझं तोंड काही जखमी नव्हतं. मग त्याचं लक्ष माझ्या मनगटावरच्या व्रणाकडे आणि थरथरणाऱ्या बोटांकडे गेलं. "हात लुळा असंल तर घरी भाकऱ्या थापा ना," तो म्हणाला, "लोकांना कशाला मारता?"

गाडी सोडली असती तर ती पडली असती, म्हणून मी उतरू शकत नव्हते. मागची सीट हलकी झाली. नवरा खाली उतरला, चष्मा काढून खिशात ठेवला, रिक्षावाल्यासमोर गेला आणि त्याने त्याच्या थोबाडीत मारली. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्या माणसाला डास मारतानाही मी पाहिलं नव्हतं. रिक्षावाल्यालाही ते पटायला वेळ लागला. मग त्याने नवऱ्याच्या नाकावर ठोसा मारला. नवरा पडला, उठला आणि पुन्हा त्याच्या अंगावर गेला. मारता येत नव्हतं त्याला, हात कुठेही जात होते, पण थांबत नव्हता. शर्टावर रक्त, तोंडातून आवाज नाही. लोकांनी दोघांना ओढून बाजूला केलं, हवालदार शिट्टी वाजवत आला, आणि शोरूमचा माणूस गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघून घाम पुसत होता.

रिक्षावाल्याची समजूत काढून झाल्यावर गाडी शोरूमच्या माणसाकडे सोपवून आम्ही रस्त्याकडेच्या रसवंतीत बसलो. रसवाल्याने बर्फ दिला, तो रुमालात बांधून नवऱ्याने नाकावर धरला. मी त्याला म्हटलं की अहो, कशाला उतरलात तुम्ही. त्याने बर्फ नाकाच्या दुसऱ्या बाजूला सरकवला.

"त्या दिवशी तू गाडीसाठी हात मध्ये घातलास," तो म्हणाला. "माझ्यासाठी घातला असतास?"

मी समोरचा रसाचा ग्लास उचलला.

"मी जिना उतरताना खिडकीतून सगळं पाहिलं होतं. चार पावलांवर गेट होतं. तू पत्र्याच्या टाकीसाठी हात दिलास." त्याने रुमाल काढून त्यावरचं रक्त बघितलं. "तुझा हात बरा होऊ नये असं मला वाटायचं. रोज. तू पीठ मळायचीस तेव्हासुद्धा."

मी हातातला ग्लास खाली आपटला. तो फुटला, रस टेबलावरून माझ्या मांडीवर आला. ह्या माणसाला त्या क्षणी मी मारलं असतं. रिक्षावाल्यापेक्षा, त्या कोयतेवाल्या पोरापेक्षा मला त्याचा जास्त राग आला, आणि त्या रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नसल्याची भीती. घातला असता का? हो म्हणणं सोपं होतं. पण मला खात्री नव्हती आणि त्याला ते दिसत होतं. आम्ही वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेलो.

त्यानंतरचे काही आठवडे घरात फक्त कामापुरतं बोलणं. मी राखी गाडीची नोंदणी केली. नवऱ्याने अडवलं नाही, पण मागे बसेन असंही म्हणाला नाही. काय झालं ते आत्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं. लेकाचं सुजलेलं नाक आणि सुनेचं बंद तोंड बघून न कळायला त्या काही आंधळ्या नव्हत्या. रविवारी आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी निकाल दिला. गाडी आधी धायरीला आणायची. कोंबडं कापायचं, आणि ते मी धरायचं, डाव्या हातानं.

"सुटलं, तर गाडी माघारी," आत्या म्हणाल्या. "न्हाय सुटलं, तर हा गप मागं बसंल. हाय कबूल?"

नवऱ्याने मान हलवली. मीही हलवली. पेठेतली सून आता हो म्हणत होती, हे त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं, हसू आलं असावं.

पुढच्या रविवारी शोरूमचा माणूस गाडी धायरीला आणून उभी करून गेला. सकाळची वेळ होती. मागच्या बोळात, बोअरवेलशेजारी, आत्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, पुढच्या चाकापाशी एक लाकडी ओंडका ठेवला. मग त्या आत गेल्या आणि दारामागे खिळ्याला टांगलेला कोयता घेऊन आल्या.

पंचवीस वर्षं तो तिथेच टांगलेला होता. त्याने गवत कापलं, ऊस कापला, शहाळी फोडली. मी त्याच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. आता बघितलं. तेच वाकडं पातं, तशीच मूठ. मनगटातली शिवण टणकन दुखली. सासरे गेल्यापासून कोंबडं कापायचं काम आत्याच करतात. त्यांनी पदर खोचला, अंगठ्याने धार बघितली आणि मला बसायला सांगितलं.

कोंबडा लाल होता, तगडा. आत्यांनी तो गाडीवरून तीनदा ओवाळला आणि त्याचे पाय आणि पंखांची टोकं माझ्या डाव्या मुठीत दिली. मुंडकं त्यांच्या डाव्या हातात. मान ओंडक्यावर ताणली गेली. कोंबडा आधी गप्प होता, मग त्याला कळलं. त्याने जो झटका दिला तो माझ्या खांद्यापर्यंत आला. मी आवळलं. त्याची हाडं, त्याचा गरम जीव, सगळं त्या जोडलेल्या दोऱ्यांवर आलं. धरलं मी. दात खाऊन धरलं. आत्यांनी कोयता वर नेला आणि माझी नजर पात्यावर गेली, आणि त्याच वेळी करंगळीच्या शेजारचं बोट गेलं.

कोंबडा वळला. आत्यांच्या हातातूनही निसटला. कोयता खाली यायला निघाला होता, आणि मी सुटलेलं धरायला डावा हात ओंडक्यावर टाकला होता. हे सगळं सांगायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या शंभराव्या भागात झालं. माझ्या हाताच्या वर आणखी एक हात आला. आत्यांनी ओरडून घाव आवरला, म्हणून पातं हाडापर्यंत गेलं नाही. नवऱ्याच्या तळव्यावर, अंगठ्याखाली, एक लाल फट उघडली आणि रक्त गाडीच्या पुढच्या चाकावर उडालं.

कोंबडा बोअरवेलच्या पेटीवर जाऊन बसला आणि ओरडत राहिला. नवरा स्वतःच्या हाताकडे बघत होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. आत्यांनी कोयता टाकून दिला, पदर फाडला आणि त्याचा हात करकचून बांधला.  पण चाकावरून ओघळणाऱ्या रक्ताकडे त्यांनी एकदा बघितलंच.

"पडलं रगत," त्या म्हणाल्या. "झालं तिचं. आता बघत काय बसलीस, ने त्याला."

दीर मोटार घेऊन बाहेरगावी गेला होता, रविवारी त्या बोळात रिक्षा मिळायला वेळ लागला असता, आणि पदर लाल होत चालला होता. मी गाडीवर बसले. नवऱ्याला म्हटलं, बसा. तो बसला, चांगल्या हाताने त्याने माझी कंबर धरली आणि बांधलेला हात माझ्या खांद्यावर उंच ठेवला, रक्त कमी जावं म्हणून. मी डावी मूठ आवळली. दांडा आला.

धायरी फाट्याला नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. दोन फूट पुढे, थांब. मी हॉर्न दाबून, शिव्या देऊन, एका टेम्पोवाल्याच्या दारावर लाथ घालून वाट काढली. दर थांब्याला क्लच. ते बोट गेलं, मग त्याच्या शेजारचं गेलं, मी मनगट आतल्या बाजूला वळवून सगळा हातच त्या दांड्यावर अडकवला आणि ओढत राहिले. दुखत होतं ते मी ओरडून बाहेर काढलं, तसंही कुणाला ऐकू येत नव्हतं. खांद्यावरून माझ्या शर्टात गरम ओल उतरत होती. गाडी एकदाही उसळली नाही.

सिंहगड रोडच्या सिग्नलला लाल दिवा लागला. शेजारचा माणूस माझ्याकडे बघत होता, मग मागे बघायला लागला. ह्या वेळी नवऱ्याने त्याला नमस्कार केला नाही. तो माझ्या कानाशी वाकला.

"मी काही ठरवून हात घातला नव्हता," तो म्हणाला.

"माहितीये मला," मी म्हटलं. "मीही नव्हता."

 कोंबडा सुटला होता, म्हणजे अटीप्रमाणे गाडी माघारी द्यायची होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच्याही आलं असावं, कारण त्याने माझ्या कमरेवरची पकड थोडी घट्ट केली आणि पाय नीट फूटरेस्टवर टेकवले. दिवा हिरवा झाला. मी गिअर टाकला आणि डावी मूठ हळूहळू सैल सोडली.